राजाच्या मर्जीत, पण पदावाचून : एलिझाबेथ जाके द ला गेर

चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये दरबारी संगीत हे एक खातंच होतं. हुद्दे, पगार, पाळ्या, वारसाहक्क, सगळं त्यात होतं. त्याचे तीन मोठे विभाग. 'शांब्र' म्हणजे राजाच्या दालनांतलं संगीत, 'शापेल' म्हणजे राजवाड्याच्या प्रार्थनामंदिरातलं, आणि 'एक्युरी' म्हणजे पागेच्या हिशेबात मोडणारे कर्णे, सनया आणि ढोल. हुद्दा मिळवायचा तो बहुधा आधीच्या माणसाकडून विकत घेऊन, नाहीतर बापाकडून मुलाने. पदावरचा माणूस हयात असतानाच त्याच्यामागे कोण येणार, हे कागदोपत्री ठरवून ठेवायचीही सोय होती.

हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, पट्ट्या दाबून वाजवायचं तारवाद्य. राजाच्या दालनातल्या हार्प्सिकॉर्डवादकाच्या पदाचं उदाहरण घेऊ. १६६२ मध्ये झां-आंरी दांग्लबेरने शांबोनिएरकडून या जागेचा पुढचा हक्क मिळवला. १६७४ मध्ये दांग्लबेरने तो आपल्या मुलाच्या नावे करून घेतला. पुढे मुलाची दृष्टी अधू झाली, तरी जागा त्याचीच राहिली. १७१७ मध्ये तिचा पुढचा हक्क फ्रांस्वा कूपरांकडे आला, म्हणजे सुमारे पंचावन्न वर्षांत एका जागेची चार नावं. चारही पुरुष, आणि शेवटचा कूपरां सोडला तर त्यातलं एकही नाव आज अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

याच वर्षांत पॅरिसमध्ये एक बाई हार्प्सिकॉर्ड वाजवत होती, रचना करत होती, त्या छापून राजाला अर्पण करत होती, आणि राजा तिचं तोंड भरून कौतुक करत होता. तिचं नाव एलिझाबेथ जाके द ला गेर. तिच्या नावावर तिन्हीपैकी एकाही विभागात कधीच हुद्दा नव्हता.

बाई म्हणून दरबारात संगीताला बंदी होती, असं नाही. गायिकांना शांब्रमध्ये जागा मिळत; आन द ला बार या गायिकेची तशी नेमणूक १६६१ मध्येच झाली होती. बाईने गाणं दरबाराला चालत होतं. वाद्याचं पद आणि रचनाकाराचं पद हा मात्र वेगळा मामला होता. मग पदावाचून या बाईने चाळीस वर्षं संगीत केलं कशाच्या जोरावर, हा या प्रकरणातला प्रश्न आहे. "ती फार प्रतिभावान होती" हे त्याचं नेहमीचं उत्तर. प्रतिभा होतीच. पण प्रतिभेला छपाईचा खर्च भागवता येत नाही.

घरातलं शिक्षण आणि घराबाहेरच्या नोकऱ्या

एलिझाबेथचा बाप्तिस्मा १७ मार्च १६६५ रोजी पॅरिसमध्ये झाला. सेन नदीच्या मधोमध असलेलं सां-लुई बेट हे तिचं घर. वडील क्लोद जाके ऑर्गनवादक आणि हार्प्सिकॉर्डचे शिक्षक. घराण्यात हार्प्सिकॉर्ड बनवणारे कारागीरही होते, म्हणजे वाद्य घडवायचं कसं इथपासून ते वाजवायचं कसं इथपर्यंत सगळं घरातल्या घरात. भावंडंही संगीतातच. दोन भाऊ, पिएर आणि निकोला, ऑर्गनवादक झाले. निकोला तर थेट बोर्दोच्या चर्चमध्ये. बहीण आन गीझ घराण्यातल्या राजकन्येच्या पदरी गायिका होती. त्या राजकन्येच्या संगीतमंडळीत शार्पांतिएरसारखा रचनाकार होता.

या एका घरावरूनच बाकीचं चित्र दिसतं. शिक्षण चौघांनाही मिळालं. पण चर्चच्या ऑर्गनची पगारी जागा मिळाली ती मुलांना. मुलींना मिळायचा तो एखाद्या बड्या बाईचा आश्रय, आणि आश्रय म्हणजे मर्जी. ती आज असते, उद्या नसते.

एलिझाबेथच्या वाट्याला आलेला आश्रय मात्र साधासुधा नव्हता. ती पाच वर्षांची असताना राजासमोर वाजवायला गेली असं सांगतात. १६७७ मध्ये 'मर्क्यूर गालां' या नियतकालिकाने तिच्याबद्दल लिहिलं. फॅशन, लग्नं, लढाया आणि दरबारी गावगप्पा छापणारं हे त्या काळचं चलतीचं नियतकालिक. त्यातल्या मजकुराचा गोषवारा असा : ही मुलगी अवघड संगीत समोर ठेवलं की पाहताक्षणी गाते. स्वतःच्या गाण्याची साथ स्वतः करते, दुसऱ्यांचीही करते. हार्प्सिकॉर्ड अशी वाजवते की नक्कल करू म्हटलं तर जमणार नाही. स्वतः रचना करते आणि त्या सांगाल त्या स्वरापासून वाजवून दाखवते. दुसऱ्या वर्षी त्याच मासिकाने तिला शतकातलं आश्चर्य म्हटलं.

कौतुकाचा भाग वजा केला तरी शेवटची बाब लक्षात घेण्यासारखी आहे. एकच रचना हव्या त्या स्वरापासून वाजवणं हे पाठांतराचं काम नाही. त्याला स्वरांची मांडणी बोटांच्या आधी डोक्यात पक्की असावी लागते. त्या वयातली चुणचुणीत मुलं दरबारात पुष्कळ दाखवली जात, पण ही पोर नुसती घोकलेलं वाजवत नव्हती, एवढं यावरून कळतं.

राजाची तेव्हाची प्रेयसी मादाम द मोंतेस्पां हिने मुलीला तीन-चार वर्षं आपल्याजवळ ठेवून घेतलं, स्वतःच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या बड्या लोकांच्या करमणुकीसाठी. हे वाचताना आज थोडं अवघडल्यासारखं होतं. दालनात पाहुण्यांसमोर मुलीला बसवायची, वाजवून घ्यायचं, वाहवा करायची. पण त्या दालनात फ्रान्समधलं जे उत्तम संगीत वाजत होतं ते तिच्या कानावर पडलं, आणि राजघराण्यातली माणसं तिला नावाने ओळखायला लागली. पुढच्या चाळीस वर्षांचं भांडवल तिने इथे जमवलं.

दरबार वर्सायला गेला, ती पॅरिसमध्ये राहिली

१६८२ मध्ये राजाने दरबाराचा मुक्काम कायमचा वर्सायला हलवला. एलिझाबेथ गेली नाही. दोन वर्षांनी, १६८४ मध्ये, तिने मारां द ला गेर या ऑर्गनवादकाशी लग्न केलं. हेही संगीताचंच घर : सासरे मिशेल पॅरिसमधल्या सांत-शापेल या राजघराण्याच्या प्रार्थनामंदिराचे ऑर्गनवादक होते आणि नवराही पुढे त्याच जागेवर बसला. माहेरचं आणि सासरचं मिळून तिने आडनाव लावलं, आणि छापील पुस्तकांवर दोन्ही राहिली.

माझ्या मते या प्रकरणाला खरं वळण मिळालं ते इथे, आणि त्याची चर्चा कमी होते. वर्सायला गेली असती तर ती कुणाच्या तरी पदरी राहिली असती. ज्या मोंतेस्पांच्या आधाराने ती वाढली तिचाच दरबारातला पाय या सुमारास घसरू लागला होता. पॅरिसमध्ये राहिल्याने तिला शिकवण्या घेता आल्या, घरी मैफली भरवता आल्या आणि छापखाने हाकेच्या अंतरावर राहिले. राजाशी असलेला धागा तिने तोडला नाही. पण तो रोजच्या हजेरीचा ठेवला नाही, अर्पणपत्रिकांचा ठेवला.

अर्पणपत्रिका ही त्या काळी शोभेची वस्तू नव्हती. एखादी कृती राजाला अर्पण करायला राजाची परवानगी लागे. ती मिळाली की पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव झळके आणि विकत घेणाऱ्याला कळे की हा माल राजाच्या पसंतीचा आहे. लेखकाला त्यापोटी बिदागी मिळण्याचा रिवाज होता. छपाईचा हक्क हा दुसरा भाग. फ्रान्समध्ये खिळे जुळवून संगीत छापण्याची मक्तेदारी बालार घराण्याकडे होती. मात्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचं तर लेखक स्वतःच्या खर्चाने, राजाचं परवानापत्र घेऊन ते करू शकत असे. हार्प्सिकॉर्डच्या लिखाणात एका वेळी अनेक स्वर आणि अलंकारांची बारीक चिन्हं असतात. खिळ्यांत ती नीट बसत नाहीत, पत्र्यावर बसतात.

१६८७ मध्ये तिचा हार्प्सिकॉर्डच्या रचनांचा पहिला संग्रह असाच कोरून छापला गेला. अर्पण अर्थात राजाला. तिचं वय बावीस. हार्प्सिकॉर्डचे असे छापील संग्रह त्या शतकात फ्रान्समध्ये बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. दांग्लबेरसारख्या पदस्थ माणसाचा संग्रह यायला १६८९ उजाडलं.

एक पान जवळून

या संग्रहात चार मालिका आहेत. नृत्यांच्या चालींवरच्या रचना ठरलेल्या क्रमाने येतात : आलमांद, कुरांत, साराबांद, झीग. पहिल्या तिन्हींच्या सुरुवातीला 'प्रेल्युद' आहे, आणि हे पान पाहण्यासारखं आहे. त्यात मात्रांचे उभे खंड नाहीत. ओळीवर रिकामे गोल स्वर पसरलेले, त्यांच्यावरून-खालून लांब वक्र रेघा. कोणता स्वर किती वेळ धरायचा, कुठे रेंगाळायचं, कुठे घसरत जायचं हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. आपल्या कानाला जवळचं सांगायचं तर तालात बांधलेली चीज सुरू होण्याआधीचा आलाप.

तिच्या आधीच्या पिढीतल्या लुई कूपरांने असे प्रेल्युद नुसत्या गोल स्वरांत लिहिले होते. ते वाचणाऱ्याला अक्षरशः कोडं पडतं. एलिझाबेथने त्यात थोडी फोड करून दिली. जिथे स्वरांचा पुंजका धरून ठेवायचा तिथे गोल स्वर, आणि जिथे सुरावट धावते तिथे छोट्या मूल्याचे स्वर. मोकळीक तशीच राहिली, पण वाट दिसू लागली. हे लिहिणारी बाई शिकवण्या करणारी होती, हे या पानावरून जाणवतं. विद्यार्थी कुठे अडखळतो हे तिला ठाऊक असणार.

हार्प्सिकॉर्डची एक अडचण आहे. पिसाच्या देठाने तार छेडली जाते, त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. लहान-मोठा करण्याची सोय नाही. म्हणून भाव आणायचा तो वेळेच्या खेळातून आणि अलंकारांतून. पहिल्या मालिकेतली शाकोन पाहा. शाकोन म्हणजे तेच तेच आवर्तन घोळवत नेणारी रचना. तिने या शाकोनला नाव दिलंय 'लॅंकोंस्तांत', म्हणजे चंचला. एका आवर्तनात सूर उजळ, दुसऱ्यात उदास. एकाच आधारस्वरावर मेजरमधून मायनरमध्ये आणि परत. वाद्याला आवाज बदलता येत नाही, तर तिने रंग बदलले.

गंमत अशी की हा संग्रह बराच काळ हरवलेला समजत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हेनिसच्या एका ग्रंथालयात त्याची छापील प्रत मिळाली. तोवर तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांना हार्प्सिकॉर्डपुरतं १७०७ च्या रचनांवरच भागवावं लागत होतं.

ऑपेरा : एकदाच

१६९१ मध्ये तिने राजाच्या युद्धविजयावर नृत्य-नाट्य लिहिलं. त्याचं संगीत उरलेलं नाही. पण अर्पणपत्रिका उरली आहे, आणि ती फार हुशारीने लिहिलेली आहे. तिचा आशय असा : बायकांनी उत्तम काव्य लिहिल्याची उदाहरणं आजवर आहेत आणि त्यांना यशही मिळालं. पण आख्खं ऑपेरा संगीतबद्ध करण्याचा प्रयत्न आजवर एकीनेही केलेला नाही. आणि ही गोष्ट जितकी अपूर्व, तितकी ती महाराजांना अर्पण करण्यास अधिक योग्य. बाई असणं ही उणीव म्हणून पदरात घेण्याऐवजी तिने ती नवलाईची किंमत म्हणून राजाच्या पुढ्यात ठेवली.

१५ मार्च १६९४ रोजी पॅरिसच्या राजमान्य ऑपेरात तिचं 'सेफाल ए प्रोक्रिस' रंगमंचावर आलं. एका बाईने रचलेलं ऑपेरा त्या संस्थेत प्रथमच होत होतं. प्रयोग पाच-सहाच झाले. काव्य द्युशे द व्हांसी याचं. कथा ग्रीक पुराणातली, प्रेमिकाच्याच हातून चुकून प्राण जाणाऱ्या प्रोक्रिसची.

ते पडलं म्हणून "बाईला मोठा पट झेपला नाही" असं म्हणणारे तेव्हाही असतील आणि नंतरही झाले. आजूबाजूला पाहिलं की हे टिकत नाही. १६८७ मध्ये फ्रेंच ऑपेराचा सर्वेसर्वा रचनाकार ल्युली वारला, आणि त्यानंतरची दहाएक वर्षं नवीन ऑपेरांना वाईटच गेली. शार्पांतिएरसारख्या कसलेल्या माणसाचं 'मेदे' अवघ्या तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी, डिसेंबर १६९३ मध्ये आलं होतं. तेही थोड्याच प्रयोगांत गुंडाळलं. प्रेक्षकांना ल्युलीच हवा होता आणि व्यवस्थापन त्याचीच जुनी नाटकं परत परत लावत होतं. त्यात १६९३-९४ चा दुष्काळ. फ्रान्समध्ये दहा लाखांहून जास्त माणसं भुकेने आणि रोगाने मेली. याच १६९४ मध्ये बिशप बोस्युएने नाटकांविरुद्ध कडक पुस्तक लिहिलं. राजा आपली दुसरी बायको मादाम द मेंतनों हिच्या सहवासात धार्मिक झाला होता आणि ऑपेराकडे फिरकेनासा झाला होता. अशा हंगामात कुणाचं ऑपेरा चाललं असतं, सांगा.

तरी किंमत सारखी मोजली गेली नाही, हेही खरं. एक ऑपेरा पडलं म्हणून एखाद्या पदस्थ रचनाकाराचा पगार थांबत नसे. एलिझाबेथने पुन्हा ऑपेरा लिहिलं नाही.

खोलीत मावणारं संगीत

यानंतर तिने जे केलं ते म्हणजे माझ्या लेखी या प्रकरणाचा गाभा. ऑपेराला काय लागतं? संस्थेची परवानगी, गायक, नर्तक, वाद्यवृंद, यंत्रं, पडदे, आणि या सगळ्यांवर ज्यांचं चालतं त्यांची मर्जी. सोनाटाला, म्हणजे शब्दांवाचून नुसत्या वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेला, काय लागतं? दोन-तीन वादक आणि एक खोली. पदस्थ माणसाला मोठा ताफा खात्याकडून मिळतो. बिनपदाच्या बाईला स्वतः जमवता येईल तेवढाच ताफा परवडतो. तिचं 'चेंबर म्युझिक' म्हणजे मोठं जमलं नाही म्हणून पत्करलेलं छोटं, असं सांगितलं जातं, ते मला पटत नाही. तिच्या हातात असलेल्या साधनांतून जे पूर्णपणे तिच्या मालकीचं राहू शकत होतं ते हेच होतं.

आणि तिने त्यात धोका पत्करला. सोनाटा हा इटालियन माल. इटालियन रचनाकार कोरेल्लीच्या सोनाटांच्या वह्या १६९० च्या दशकात पॅरिसमध्ये हातोहात फिरत होत्या आणि रसिकांत दोन तट पडत होते : फ्रेंच गोडवा की इटालियन धग? फ्रांस्वा कूपरांची गोष्ट प्रसिद्धच आहे. पहिली सोनाटा लोकांसमोर आणताना त्याने आपल्या नावाची अक्षरं उलटसुलट करून इटालियन नाव बनवलं आणि ती परक्याची म्हणून खपवली. पुढे १७२६ मध्ये त्याने छापून सांगितलं की फ्रान्समध्ये रचलेली पहिली सोनाटा माझीच.

एलिझाबेथने नाव लपवलं नाही. १६९५ मध्ये सेबास्तियां द ब्रोसार हा धर्मगुरू, संग्राहक आणि संगीतकोश लिहिणारा गृहस्थ तिच्याकडे आला. तिने त्याला आपल्या सोनाटांच्या मूळ प्रती नकलून घ्यायला दिल्या : चार सोनाटा दोन व्हायोलिनच्या, दोन एकट्या व्हायोलिनच्या, सगळ्यांना खाली हार्प्सिकॉर्ड-ऑर्गनचा आधार. त्यांत व्हिओला दा गांबाला, म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायच्या त्या मंद्र वाद्याला, स्वतंत्र काम आहे. नुसता पाया धरून बसायच्या ऐवजी ती मधूनच वर उठते, व्हायोलिनशी बोलते आणि परत खाली जाते. ब्रोसारने आपल्या संग्रहाच्या यादीत या सोनाटांना गोड, रुचकर म्हटलं आहे. तो संग्रह त्याने पुढे राजाच्या ग्रंथालयाला दिला, म्हणून त्या आज वाजवता येतात. त्याने नक्कल केली नसती तर त्या हरवलेल्या संगीताच्या यादीत गेल्या असत्या.

मग काही वर्षं शांतता, आणि या काळात घरात मृत्यू. एकुलता एक मुलगा आठव्या वर्षी हार्प्सिकॉर्ड असा वाजवी की ऐकणारे थक्क होत. तो दहाव्या वर्षी गेला. १७०४ मध्ये नवरा गेला. नवऱ्याची सांत-शापेलची ऑर्गनची जागा तिला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या भावांपेक्षा, नवऱ्यापेक्षा ती वाजवायला कितीतरी सरस होती हे शहराला ठाऊक होतं. पण जागा ही जागा असते.

विधवा झाल्यावर तिच्या घरच्या मैफली पॅरिसमध्ये गाजल्या. चरित्रकार तितों द्यु तिये लिहितो की शहरातले मोठे संगीतकार आणि जाणकार तिला ऐकायला आवर्जून जात. सुचेल तसं वाजवत राहण्यात, जागच्या जागी रचत जाण्यात तिचा हातखंडा होता असंही तो नोंदवतो. घर हेच तिचं सभागृह झालं, आणि तिथे बोलावणं कुणाचं हे ठरवणारी ती.

१७०७ मध्ये तिने दोन गोष्टी छापल्या : व्हायोलिनवरही वाजवता येतील अशा हार्प्सिकॉर्डच्या रचना, आणि व्हायोलिन व हार्प्सिकॉर्डच्या सहा सोनाटा. पहिल्याच्या शीर्षकात धंदेवाईक शहाणपण आहे. ज्याच्या घरी व्हायोलिनवाला येतो त्यानेही घ्यावं, ज्याच्या घरी फक्त मुलगी हार्प्सिकॉर्ड शिकते त्यानेही घ्यावं. हे संगीतसुद्धा पुन्हा राजाला अर्पण. सोनाटा वर्सायला राजाच्या खासगी जेवणाच्या वेळी वाजवल्या गेल्या. व्हायोलिन दरबारातल्या मार्शां घराण्यातल्या वादकांकडे होतं. 'मर्क्यूर'च्या वार्तेनुसार जेवण उरकल्यावर राजाने तिची पुष्कळ स्तुती केली आणि म्हणाला, या दुसऱ्या कशासारख्या नाहीत. वार्ताहराने लगेच जोडलं की राजाला संगीत नुसतं सुंदर वाटलं नाही, तर स्वतःचं असं वाटलं, आणि हल्ली हे दुर्मीळ आहे.

ऐकलं तर राजाचं म्हणणं पटतं. या सोनाटा इटालियन साच्यात आहेत. हळू आणि जलद भाग एकाआड एक येतात, जलद भागांत व्हायोलिन जोरात धावतं. पण जिथे कोरेल्ली मुक्कामाला पोचला असता तिथे ती थबकते, एखादा अनपेक्षित स्वर धरते, अलंकारांची फ्रेंच नजाकत मध्येच डोकावते. दोन्ही तटांत ती कुठल्याच बाजूला पूर्ण गेली नाही. कुठल्याही खात्याची नोकर नसल्याने तिला बाजू घ्यायची गरजही नव्हती.

ऑपेरा मागल्या दाराने

१७०८ आणि १७११ मध्ये तिने बायबलमधल्या प्रसंगांवर 'कांतात' छापल्या, प्रत्येक पुस्तकात सहा. काव्य हुदार द ला मोत याचं. एक गायक किंवा दोन, हार्प्सिकॉर्ड, गांबा, क्वचित व्हायोलिन, आणि पंधराएक मिनिटांत आख्खी गोष्ट. फ्रान्समध्ये धार्मिक विषयांवरच्या फ्रेंच कांतातींचे हे पहिलेच संग्रह. धार्मिक झालेल्या राजाला विषय रुचणार होता, आणि रंगमंचाविनाच नाट्य उभं करायची तिची हौसही भागणार होती.

'ज्युदित' घ्या. शत्रूचा सेनापती होलोफर्नेस दारू पिऊन झोपलाय आणि ज्युदित त्याच्या बिछान्याशी उभी आहे. ऑपेरात झोपेच्या प्रसंगाला हळू झुलणाऱ्या वाद्यसंगीताची प्रथा होती. एलिझाबेथ ती प्रथा खोलीत आणते. वाद्यं अंगाई वाजवतात आणि ऐकणाऱ्याला माहीत असतं की याच शांततेत मुंडकं उडणार आहे. दिवाणखान्यात बसलेल्या दहा-पंधरा माणसांसाठी याहून जास्त नाट्य कशाला हवं? बायबलमधल्या ज्या गोष्टी तिच्या हातून आल्या त्यांत एस्तेर, सुझान, ज्युदित आहेत. अडचणीत सापडलेल्या आणि डोकं चालवून सुटणाऱ्या बायका. हे काव्य तिने मागितलं की कवीने दिलं यावर मी पैज लावणार नाही, पण त्या भागांचं संगीत सर्वांत जिवंत आहे एवढं मात्र नक्की.

१७१५ च्या सुमारास ग्रीक पुराणांवरच्या तीन कांताती आल्या. त्या बव्हेरियाच्या राजपुत्राला, माक्स इमॅन्युएलला, अर्पण होत्या. त्याच वर्षी लुई वारला. दोनेक वर्षांत तिने घरच्या मैफली बंद केल्या. १७२१ मध्ये बाल पंधरावा लुई आजारातून उठला म्हणून लूव्रच्या प्रार्थनामंदिरात तिचं 'ते देउम' गायलं गेलं. संगीत उरलेलं नाही. २७ जून १७२९ रोजी ती पॅरिसमध्ये वारली. तीन वर्षांनी तितोंने फ्रान्सच्या नामवंत कवी-संगीतकारांचा ग्रंथ काढला, त्यात ल्युलीच्या पंक्तीत ती आहे, आणि सोबत तिच्या मुद्रेचं पदक, ज्यावरचा मजकूर तिने थोर संगीतकारांशी स्पर्धा केली असं सांगतो.

शेजारच्या दोन बायका

हे एकट्या तिचं नशीब होतं का, हे तपासायला दोन नावं पुरेत. अंतोनिया बेंबो व्हेनिसमधून १६७० च्या दशकात पॅरिसला आली, संसार मागे टाकून. राजाने तिचं गाणं ऐकलं आणि तिला वेतन लावून दिलं. ती बायकांच्या एका धार्मिक आश्रमात राहिली. तिने भरपूर लिहिलं, पूर्ण ऑपेरासुद्धा. पण तिचं संगीत हस्तलिखितांतच राहिलं. म्हणजे तिला रोजची भाकरी मिळाली, वाचक मिळाले नाहीत. एलिझाबेथचं नेमकं उलट : तिने छापलं, विकलं, शिकवलं, म्हणून तिच्या हयातीत तिचं नाव पॅरिसभर होतं.

दुसरी मार्गरित-आंत्वानेत कूपरां. सुरुवातीला सांगितलेली राजाच्या दालनातल्या हार्प्सिकॉर्डवादकाची ती जागा. १७३० मध्ये, म्हणजे एलिझाबेथ गेल्यावर वर्षभराने, ती पहिल्यांदा एका बाईकडे गेली, आणि ती बाई ही. फ्रांस्वा कूपरांची मुलगी. तिचा हात उत्तम होता याबद्दल वाद नाही, पण जागा आली ती बापाकडून. खातं बाईला सामावून घ्यायला तयार झालं तेव्हाही वारसाच्या रांगेतूनच. पॅरिसच्या ऑपेराला दुसऱ्या बाईचं ऑपेरा मिळायला १७३६ उजाडलं : मादमोआझेल द्युव्हालचं 'ले जेनी'.

एलिझाबेथला पद मिळालं असतं तर तिने अधिक लिहिलं असतं का? मला शंका आहे. पद म्हणजे पाळीप्रमाणे हजेरी आणि राजाच्या मर्जीचा विषय. अर्पणपत्रिका, परवानापत्र, शिकवण्या आणि घरची मैफल या चौकडीने तिला तुटपुंजी का होईना, पण स्वतःची जागा दिली. उलट बाजूही आहे. पदस्थांचं संगीत खात्याच्या दप्तरात नकलून ठेवलं जाई, तिचं जे छापलं गेलं नाही ते बहुतेक सगळं गेलं. १६८५ मध्ये राजपुत्राच्या दालनात झालेलं ग्रामीण नाट्य, १६९१ चं विजयोत्सवाचं संगीत, 'ते देउम', आणि मैफलींत तिने जागच्या जागी रचलेलं ते सगळं.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी आधी 'चंचला' शाकोन ऐकावी, मग १७०७ ची 'ला फ्लामांद' नावाची आलमांद, आणि मग सोनाटांपैकी डी मायनरमधली. 'ज्युदित' शब्द समोर ठेवूनच ऐका. झोपेचं संगीत कुठे संपतं आणि तलवार कुठे उठते ते कळायला हवं.